आधी अधिकार, मग अर्पण: योहान १०:१७-१८ चे एक परीक्षण

चौथ्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील उत्तम मेंढपाळाचे रूपक आपल्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या रूपकाचा समारोप करणाऱ्या सतराव्या व अठराव्या वचनांत जी अडचण आहे तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. या दोन वचनांत प्रभू येशू चार गोष्टी सांगतो. आपण आपला प्राण परत घेण्यासाठी अर्पण करतो म्हणून पिता आपणावर प्रीती करतो. तो प्राण कोणी आपणापासून हिरावून घेत नाही. तो अर्पण करण्याचा आणि परत घेण्याचाही अधिकार आपणाला आहे. आणि ही आज्ञा आपणाला पित्यापासून मिळाली आहे. तिसऱ्या व चौथ्या विधानांत विरोध आहे असे कोणासही वाटेल. ज्याला अधिकार आहे त्याला आज्ञा कशी? आणि ज्याला आज्ञा झाली आहे त्याचे अर्पण स्वेच्छेचे कसे?

हा विरोध टाळण्यासाठी आपल्या व्यासपीठांवरून दोन वाटा काढल्या जातात. पहिली वाट आज्ञेवर भर देते. पित्याने सांगितले, पुत्राने निमूटपणे ऐकले. म्हणून आपणही वरिष्ठांचे निमूटपणे ऐकावे, असा तिचा शेवट होतो. दुसरी वाट स्वेच्छेवर भर देते. येशू हा थोर हुतात्मा होता, तत्त्वासाठी त्याने प्राण वेचला, एवढे सांगून ती थांबते, आणि पित्याचे नाव प्रार्थनेपुरते उरते. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की या दोन्ही वाटा शास्त्रभागाला सोडून जातात, आणि त्यांतील पहिलीने आपल्या मंडळीजीवनाची विशेष हानी केली आहे.

शब्दांचा पुरावा

प्रथम मूळ ग्रीक शब्दांकडे वळू. अर्पण करणे या अर्थी येथे योजिलेले क्रियापद ‘तिथेमि’ हे आहे. ठेवणे, खाली ठेवणे हा त्याचा साधा अर्थ. अकराव्या ते अठराव्या वचनांत ते पाच वेळा आले आहे. तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुण्यासाठी येशू आपली वस्त्रे उतरवून ठेवतो आणि काम झाल्यावर ती परत घेतो. तेथेही शुभवर्तमानकाराने ठेवणे आणि घेणे हीच दोन क्रियापदे वापरली आहेत (१३:४, १२). पाय धुण्याची कृती ही वधस्तंभाची पूर्वछाया आहे, हे या शब्दयोजनेवरून स्पष्ट होते. त्याहून महत्त्वाचे ते तेथील तिसरे वचन. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून येशू भोजनावरून उठला, असे योहान आवर्जून सांगतो. आधी हाती सर्व काही आहे आणि मग हातात घंगाळ येते, हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अधिकार या अर्थी येथे ‘एक्सुसिया’ हा शब्द आहे. सामर्थ्यवाचक ‘दुनामिस’ या शब्दाहून तो वेगळा आहे. सामर्थ्य म्हणजे करू शकण्याची ताकद. अधिकार म्हणजे करण्याची मान्य झालेली मोकळीक. योहानकृत शुभवर्तमानात हा शब्द आठ वेळा येतो. त्यांपैकी तीन वेळा तो एकोणिसाव्या अध्यायात, पिलाताच्या कचेरीत ऐकू येतो. सोडण्याचा व वधस्तंभावर खिळण्याचा अधिकार मला आहे, असे सुभेदार बजावतो. आणि बांधलेला कैदी त्याला शांतपणे कळवितो की वरून दिला गेला नसता तर तो मुळीच नसता. जमाव ‘याची वाट लावा’ अशा अर्थाने जे क्रियापद ओरडून उच्चारतो (१९:१५), तेच क्रियापद, म्हणजे ‘आइरो’, दहाव्या अध्यायात नकारार्थी येऊन गेले आहे: माझा प्राण कोणी ‘काढून घेत’ नाही. जमावाला वाटते की आपण काढून घेतला. पिलाताला वाटते की आपण आज्ञा दिली. वाचकाला मात्र अगोदरच सांगून ठेवले आहे की ठेवणारा निराळा आहे.

आता ‘एन्तोले’ म्हणजे आज्ञा. या शुभवर्तमानात पित्याच्या आज्ञेचा आशय काय, हे इतरत्र सांगितले आहे. पित्याची आज्ञा हीच सार्वकालिक जीवन होय, असे १२:५० मध्ये येशू म्हणतो. शिष्यांना तो जी नवी आज्ञा देतो ती परस्परप्रीतीची (१३:३४), आणि त्या प्रीतीचे परम रूप मित्रांसाठी प्राण ठेवणे हे (१५:१२-१३). म्हणजे आज्ञा, प्रीती आणि प्राणार्पण ही एकाच सूत्रात ओविलेली आहेत. प्रीतीची आज्ञा ही इतर आज्ञांसारखी नसते. ती जबरदस्तीने पाळली तर पाळलीच जात नाही. म्हणून पुत्राची स्वेच्छा ही पित्याच्या आज्ञेला अडसर नसून तिच्या पालनाची अटच आहे. पौलाने हेच दोन बाजूंनी सांगितले आहे. देवाने आपल्या पुत्राला सर्वांकरिता दिले, असे तो रोमकरांस लिहितो (८:३२). पुत्राने स्वतःला माझ्याकरिता दिले, असे गलतीकरांस लिहितो (२:२०). दोन्हीकडे क्रियापद एकच आहे.

स्वेच्छा म्हणजे उत्साह नव्हे, हेही येथेच नमूद करावे. गेथशेमाने बागेतील प्रार्थना (मार्क १४:३६) आणि योहानातील व्याकूळ जिवाचा उद्गार (१२:२७) हे दोन्ही सांगतात की येशूला मरण हवेसे नव्हते. ज्याला नाही म्हणता येते त्याचेच होय खरे असते, एवढे या प्रसंगांवरून ध्यानात घ्यावे.

मेंढपाळ आणि कयफा

प्राणार्पणाच्या या वचनांनंतर पुढच्याच अध्यायात दुसरा एक मनुष्य जवळजवळ तीच भाषा बोलतो. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरावे हे हिताचे, असा सल्ला प्रमुख याजक कयफा सभेला देतो (११:४९-५०). मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण ठेवतो. कयफाही ‘लोकांसाठी’ मरणाचीच गोष्ट करतो. शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे एकच, ‘हुपेर’, म्हणजे ‘साठी’. भेद एवढाच की मेंढपाळ स्वतःचा प्राण ठेवतो आणि कयफा दुसऱ्याचा. योहानाची व्याजोक्ती अशी की कयफाच्या तोंडून नकळत सत्य बाहेर पडले. परंतु त्यामुळे कयफा मेंढपाळ ठरत नाही.

मराठीत हा भेद एका शब्दात लपून बसतो. ‘बळी’ हा शब्द पाहा. बळी देणे, बळी घेणे, बळी जाणे आणि बळी पडणे यांत कर्ता बदलत जातो, तरी नाम तेच राहते. ‘बलिदान’ या संस्कृत शब्दाने तर कोणी कोणाचा बळी दिला हे अगदीच झाकले जाते. म्हणून आपल्या प्रवचनांत ‘बलिदान’ हा शब्द आला की श्रोत्याने एकच प्रश्न विचारावा: ठेवणारा कोण, आणि ठेवलेला प्राण कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध असेल तर तेथे मेंढपाळाच्या आवाजात कयफा बोलत असण्याचा संभव आहे.

हैदराबादेतील श्रोते

हैदराबादेत या शास्त्रभागाचे विवेचन करणाऱ्यास त्याच्या अर्थाकडे आणखी एका बाजूने पाहावे लागते, कारण अर्पणाच्या कथा या नगरात केवळ ख्रिस्ती लोकांच्या नाहीत. दर बकरीदला येथील शेजारी अब्राहामाच्या अर्पणाचे स्मरण करतात. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात इसहाकाची संमती कोठेही नोंदलेली नाही. होमासाठी कोकरू कोठे आहे, एवढेच तो विचारतो. पुढच्या काळाला हे मौन सोसले नाही. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार योसेफस याने इसहाकाला पंचवीस वर्षांचा केले आणि त्याला आनंदाने वेदीकडे पाठविले. कुराणाच्या सदतिसाव्या सुऱ्यात पिता आपले स्वप्न पुत्राला सांगून त्याचे मत विचारतो आणि पुत्र संमती देतो. दोन निरनिराळ्या परंपरांना एकच गोष्ट जाणवली: ईश्वराच्या नावे मागितलेल्या अर्पणातही, ज्याचा प्राण आहे त्याला विचारले गेले पाहिजे. ज्या कथेत असे विचारले गेले नाही, ती इफ्ताहाच्या कन्येची (शास्ते ११). तेथे ईश्वराने काही मागितलेलेच नाही. नवस पित्याचा, आणि किंमत मुलीची. तिने मान तुकविली म्हणून नवस पवित्र होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. येशूला त्यांनी मारले नाही आणि वधस्तंभावर चढविले नाही, असे कुराणाच्या चौथ्या सुऱ्यात (४:१५७) प्रतिपादन आहे. आपल्या मुस्लिम मित्रांशी बोलताना या आक्षेपामागील भाव असा दिसतो की ईश्वर आपल्या प्रेषिताला शत्रूंच्या हाती असहाय सोडणार नाही. या भावाला उत्तर देताना आपण पुष्कळदा केवळ ऐतिहासिक पुरावे मांडतो. ते आवश्यक आहेतच, कारण वधस्तंभावरील मरण ही आपल्या श्रद्धेची घटना आहे आणि तेथे तडजोड नाही. परंतु योहान १०:१८ पुढे ठेवले तर संवादाला निराळी सुरुवात मिळते. शत्रूंनी प्रेषितावर मात केली नाही, हे आम्हीही मानतो. मात्र आमच्या मते ईश्वराचा अधिकार मरण चुकविण्यात प्रकट झाला नाही. प्राण ठेवण्यात आणि परत घेण्यात प्रकट झाला. १९७१ पासून हैदराबादेत असलेल्या हेन्री मार्टिन संस्थेसारख्या केंद्रांनी जो संवादाचा मार्ग जोपासला आहे, त्यात या वचनाला अधिक स्थान मिळावे असे वाटते.

मोहरमच्या दहाव्या दिवशी जुन्या शहरातून बीबी का अलमची मिरवणूक निघते, आणि इ. स. ६८० मधील करबलेचे स्मरण केले जाते. परंपरा सांगते की अखेरच्या रात्री हुसेनने आपल्या सोबत्यांना अंधारात निघून जाण्याची मोकळीक दिली. योहानातील अटकेच्या प्रसंगी येशूही शिपायांना म्हणतो की मला धरावयाचे असेल तर यांना जाऊ द्या (१८:८). या दोन प्रसंगांच्या धर्मार्थांत अंतर आहे आणि ते पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि एक शिकवण दोहींकडून मिळते. जो स्वतःचा प्राण ठेवावयास निघाला आहे, तो इतरांचा प्राण त्यात ओढीत नाही.

वेठ आणि अर्पण

आता आपल्या घराकडे येऊ. मत्तय, मार्क व लूक यांच्या वृत्तांतांत शिमोन कुरेनेकर नावाच्या वाटसरूकडून वधस्तंभ वाहविला जातो. मत्तयाने येथे जे ग्रीक क्रियापद योजले आहे (२७:३२) ते सरकारी वेठीचे आहे, आणि मराठी शास्त्रात त्यासाठी वेठीस धरणे हाच आपला शब्द आला आहे. योहान मात्र शिमोनाचा उल्लेखच करीत नाही. त्याच्या वृत्तांतात येशू आपला वधस्तंभ आपणच वाहत जातो (१९:१७). दहाव्या अध्यायाच्या संदर्भात हे वगळणे अर्थपूर्ण ठरते. योहानाच्या चित्रात वधस्तंभाजवळ वेठीला जागा नाही.

ज्या प्रदेशात आपण हे वाचतो तेथे वेठ हा पुस्तकी शब्द नाही. तेलंगणात ‘वेट्टि’ या नावाने जमीनदारांनी विनामूल्य घेतलेले श्रम हे १९४६ ते १९५१ च्या शेतकरी लढ्याचे एक प्रमुख कारण होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यात, तसेच पलीकडच्या मराठी मुलखातही, गावकीच्या कामांच्या नावाखाली महार-मांगांकडून वेठबिगार घेतली जात असे. आपल्या मराठी मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे त्याच समाजांतून आलेली आहेत. ज्यांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने खर्ची पडले, त्यांना ‘आपले सर्वस्व अर्पण करा’ असे सांगणे म्हणजे काय? जे कधी त्यांच्या हाती नव्हतेच, ते त्यांनी ठेवावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर योहानाने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच दिले आहे. आठ वेळा येणारा ‘एक्सुसिया’ हा शब्द प्रथम येतो तो येशूविषयी नव्हे, तर विश्वास ठेवणाऱ्यांविषयी: ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना त्याने देवाची मुले होण्याचा अधिकार दिला (१:१२). प्राण ठेवण्याची गोष्ट त्यानंतर नऊ अध्यायांनी येते. नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य हेच दाखवितो. त्याचे आईबाप भयाने म्हणतात, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. आणि तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, त्यासाठी बाहेर टाकलाही जातो. मेंढपाळाचे रूपक या घटनेला लागूनच येते आणि त्याच परुश्यांना उद्देशून आहे. ज्याला आवाज मिळाला त्याच्या पाठोपाठ मेंढपाळ बोलू लागतो.

‘त्यालाच विचारा’ हा प्रश्न आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही न्यायालयापर्यंत गेला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. पित्याने दाद मागितली, आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे त्याला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला, आणि बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. या प्रकरणात मिशनचा कैवार घेणारे आणि त्याच्या विरुद्ध असणारे दोघेही मुलासाठी बोलत होते. कायद्याच्या दृष्टीने मुलाला स्वतःचा शब्द नव्हता. नारायण शेषाद्रि यांनी पुढे निजामाच्या राज्यातील जालना येथे कार्य केले आणि बेथेल ही वसाहत उभी केली. तेथे मांग-महार कुटुंबांना राहावयास व कसावयास जागा मिळाली. या कार्याचे मूल्यमापन करताना आपण सहसा बाप्तिस्म्यांची संख्या मोजतो. माझ्या मते तेथील खरी ख्रिस्ती कृती ही होती की ज्यांना गावात स्वतःची जागा नव्हती त्यांना आधी पाय ठेवावयास जमीन मिळाली. अर्पण करता यावे इतपत काहीतरी त्यांचे झाले.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. पहिला आधुनिक टीकाकारांचा. जोआन कार्लसन ब्राउन आणि रिबेका पार्कर या अमेरिकन विदुषींनी १९८९ साली असे प्रतिपादिले की पित्याच्या इच्छेने पुत्राने मरावे हे तत्त्वच छळाला पावित्र्य देते, आणि स्त्रियांना सोसत राहण्यास शिकविते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मंडळ्यांतील किती स्त्रियांना वधस्तंभाचे नाव घेऊन घरातील मारझोड सोसावयास सांगितले गेले आहे, हे पाळकांना ठाऊक आहे. परंतु हा आक्षेप ज्या सिद्धांतावर आहे तो योहानाचा नव्हे. पित्याने पुत्राला भाग पाडले काय, हा प्रश्न अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म यानेही स्वतःला विचारला होता, आणि त्याने त्याचे उत्तर नकारार्थीच दिले. त्याच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या कठोर प्रवचनांत मात्र ते उत्तर गळून पडते.

दुसरा प्रश्न दलित ईश्वरविज्ञानातून उभा राहतो. अरविंद निर्मळ यांनी १९८१ पासून या विचाराला रूप दिले. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या आधारे दलितांचा देव हा सेवक देव आहे, असे त्यांनी मांडले. ज्यांच्या सेवेला समाजाने हीन मानले त्यांना या विचाराने देवाच्या निकट नेले, हे त्याचे मोठे ऋण आहे. पण केवळ सेवकपणावर थांबले तर लादलेल्या सेवेलाच प्रभावळ चढण्याचा धोका राहतो. योहानातील सेवक हा हाती सर्व काही असताना सेवक झाला. हे कलम निर्मळांच्या विचाराला जोडले, तर तो विचार दुबळा न होता अधिक धारदार होतो, असे वाटते.

शास्त्रातूनच येणारा आक्षेप सर्वांत कठीण आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:१८-२१) दासांना कठोर धन्यांच्याही अधीन राहण्यास सांगितले आहे, आणि ख्रिस्ताच्या दुःखाचा कित्ता त्यांच्यापुढे ठेवला आहे. हे वचन झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र ते कोणाला उद्देशून आहे हे पाहावे. ज्यांना सुटकेचा मार्ग नाही, त्यांच्या दुःखाला ते अर्थ देते. त्या उताऱ्यात धन्यांना उद्देशून एक शब्दही नाही, आणि असे सोसणे दासाकडून मागण्याचा हक्क त्यांना कोठेही दिलेला नाही. सांत्वनाचे वचन उचलून त्याचा हुकूम बनविणे हा वचनाचा विपर्यास होय.

उपसंहार

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष आपल्या संस्थांना लागू करणे अवघड नाही, पण सोयीचे नाही. गावोगावच्या प्रचारकांना अपुऱ्या वेतनावर राबवून त्याला समर्पण म्हणणे, बायबल स्त्रियांच्या आयुष्यभराच्या सेवेला त्याग म्हणून गौरविणे आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांना जागा न देणे, विद्यार्थ्यांना आज्ञाधारकपणा शिकविताना अध्यापकांनी स्वतःस त्यातून वगळणे, ही कयफाच्या गणिताची उदाहरणे आहेत. योहानाच्या पहिल्या पत्राने आपणही बंधूंसाठी प्राण ठेवावा असे म्हटले आहे खरे (३:१६). परंतु पुढच्याच वचनात तो प्रश्न विचारतो तो ज्याच्यापाशी संसाराची साधने आहेत त्याला: गरजू बंधूला पाहून त्याने आपले अंतःकरण बंद का करावे? अर्पणाची मागणी शास्त्र प्रथम त्याच्याकडे करते ज्याच्या हाती काही आहे.

म्हणून जो मंडळीत अधिकारावर आहे त्याने या दोन वचनांवर प्रवचन करण्यापूर्वी आपण स्वतः काय ठेवले आहे हे तपासावे. आणि ज्यांना ते ऐकवावयाचे आहे, त्यांच्या हाती ठेवण्याजोगे काही आपण दिले आहे काय, हेही विचारावे. पित्याने पुत्राच्या हाती सर्व काही दिले, आणि पुत्राने विश्वासणाऱ्यांना मुले होण्याचा अधिकार दिला. मंडळीच्या अधिकाराची परीक्षा याच क्रमाने व्हावयास हवी.